दारू सोडलेला बाप आणि आपले आत्मकथन

१

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी ‘बलुतं’ शिकवीत होतो. दगडूचा बाप मुंबईच्या सुक्या गोदीत राबतो, पितो आणि पिता पिता संपतो, हा भाग चालू होता. मी नेहमीप्रमाणे दारिद्र्य, श्रम, जात आणि व्यसन यांच्या परस्परसंबंधांवर बोलत होतो. हे व्याख्यान मला आता पाठ झाले आहे. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, या पुस्तकांतून पिणारा बाप खूप भेटतो. पिऊन मेलेला बापही भेटतो. पण दारू सोडलेला बाप कुठं आहे? माझ्या आजोबांनी सोडली होती. आमच्या गल्लीत अशी सात-आठ माणसं आहेत.”

मी तिला काहीतरी उत्तर दिले. साहित्य हे अपवादाचे नसून प्रातिनिधिकाचे असते, असे काहीसे ते होते. उत्तर चुकीचे होते हे स्टाफरूममध्ये पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आले. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही उच्चारली, त्या समाजात दारू सोडलेला माणूस अपवाद कसा ठरेल? प्रतिज्ञा सगळ्यांनी पाळली नाही, हे उघड आहे. पण लक्षावधी घरांत ती कोणीतरी, कधीतरी, मोडून पुन्हा पाळली आहे. घरोघरी घडलेली ही गोष्ट ग्रंथांतून का दिसू नये? या लेखात मी त्या मुलीला द्यायला हवे होते ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न करणार आहे.

२

आपल्या आत्मकथनांतील दारूकडे प्रथम नीट पाहू. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये ती गोदीच्या श्रमाशी आणि कावाखान्यातील कोंडलेल्या जगण्याशी बांधलेली आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये ती जातपंचायतीच्या भोवती आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये दारू घरातच विकली जाते; तेथे ती व्यसन तर आहेच, पण चूल पेटविण्याचे साधनही आहे. म्हणजे या लेखकांनी दारूकडे प्रवचनकाराच्या नजरेने पाहिलेले नाही. प्रस्थापितांच्या साहित्यात दारुडा हा एकतर विनोदाचा विषय होता, नाहीतर अध:पाताचे उदाहरण. आपल्या लेखकांनी तिला व्यवस्थेचा पुरावा बनविले. ही फार मोठी कामगिरी आहे आणि ती कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु पुराव्याबरोबर दारूने या ग्रंथांत आणखी एक काम केले, त्याची चर्चा आपल्या समीक्षेने केलेली नाही. तिने कथनाला शिडी पुरविली. बाप खाली कोसळतो आणि मुलगा शाळेची पायरी चढतो. बाप जितका खोल, तितकी मुलाची चढण उंच दिसते. हे लेखकांनी कारस्थान म्हणून केले, असे मी म्हणत नाही. त्यांनी भोगले ते लिहिले. पण एकदा हा आकृतिबंध रूढ झाल्यावर पुढच्या पिढीला तो आयता मिळाला. वाचकाची अपेक्षाही तशीच घडली. पहिल्या पिढीचा अनुभव दुसऱ्या पिढीसाठी साचा झाला आणि तिसऱ्या पिढीला तर त्यावाचून लिहिताच येईना.

या साच्यात दारू सोडलेल्या बापाला जागा नाही. तो कोसळत नाही, म्हणून करुणेचा विषय होत नाही. तो चढतही नाही, म्हणून गौरवाचा विषय होत नाही. तो फक्त रोज संध्याकाळी घरी येतो, हातपाय धुतो, भाकरी खातो आणि झोपतो. अशा माणसाचे कथन कसे करायचे हे आपल्याला शिकविलेच गेले नाही.

या संदर्भात नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) हे पुस्तक विचारात घ्यावे लागते. त्यातील बाप खंबीर आहे, स्वाभिमानी आहे. मुलांनी जे काही व्हायचे ते व्हावे, पण त्यात अव्वल व्हावे, ही त्याची शिकवण प्रसिद्धच आहे. पण मला त्या पुस्तकातील वेगळी गोष्ट मोलाची वाटते. निवृत्तीनंतर या माणसाच्या हाताला काम उरत नाही, तो घरातील वस्तू दुरुस्त करीत बसतो, आणि अखेर मुलगा त्याला आपले आयुष्य लिहून काढायला लावतो. स्वत:साठी आता काही मिळवायचे नाही, अशा अवस्थेतील एक कष्टकरी दलित पुरुष येथे क्षणभर दिसतो. मात्र पुस्तकाचा ओढा मुलांच्या उत्कर्षाकडे आहे. वाचक टाळ्या वाजवितो त्या उत्कर्षाला. बापाच्या त्या रिकाम्या दुपारींपाशी तो थांबत नाही.

३

आता माझ्या स्वत:च्या अनुभवाकडे येतो. समीक्षेत ‘मी’ येऊ नये, असे मला विद्यापीठात शिकविले गेले. पण येथे मी साक्षीदार नसून आरोपी आहे, तेव्हा बोललेच पाहिजे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत सफाई कामगार होते. पण ती त्यांची नोकरी. त्यांची ओळख वेगळी होती. ते ढोलकी वाजवीत आणि त्यांची स्वत:ची गायन पार्टी होती. एप्रिल-मे आला की जयंतीचे कार्यक्रम, रात्र रात्र चालणारे कव्वालीचे मुकाबले, सवाल-जवाब. आपल्या पार्टीची कॅसेट निघावी ही आबांची एकमेव महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी ते दोनदा मुंबईला जाऊन आले. कॅसेट निघाली नाही. कार्यक्रमाच्या रात्री दारू असे. कार्यक्रम नसलेल्या रात्री तो नाही म्हणून असे. आईने काय सोसले ते मी येथे लिहीत नाही. ते तिचे आहे, तिने सांगावे.

१९९९ साली आबांनी दारू सोडली. त्यामागे कोणताही चमत्कार नव्हता. कावीळ झाली, डॉक्टरांनी सांगितले, आईने पोरांना घेऊन माहेरी जाण्याची तयारी केली. दोनदा मोडून तिसऱ्यांदा ते टिकले. पण दारूबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट सोडली, ती म्हणजे पार्टी. कारण दोन्ही एकाच घरात राहत होत्या. रात्रीचा कार्यक्रम म्हटला की दारू आली, आणि कॅसेटचे स्वप्न म्हटले की न निघालेल्या कॅसेटचे दु:ख आले, आणि दु:ख आले की पुन्हा दारू आली. हे त्यांनी कोणाला समजावून सांगितले नाही. एके दिवशी ढोलकी विहारात नेऊन ठेवली आणि तिथल्या पोरांना शिकवू लागले, इतकेच. तेव्हापासून आजतागायत संध्याकाळी विहार झाडणे, पोरांना ठेका शिकविणे आणि आठ वाजता घरी येणे, हा त्यांचा क्रम आहे.

मला ते हरलेले वाटत. शाळकरी वयात मला पार्टीवाल्या आबांचा अभिमान होता. झाडूवाल्या आबांची लाज वाटे. पिणारा बाप निदान गर्जत तरी होता, असे मी एकदा मित्रापाशी बोलून गेलो.

२०१० साली मी एम.ए. करीत होतो. आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धेत मी ‘बाप’ नावाची कविता वाचली. तीत बाप पिऊन गटारीत पडलेला होता आणि मुलगा कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचीत होता. आमच्या घरी वीज होती. आबांना दारू सोडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती. कवितेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी ‘दाहक वास्तव’ म्हणून तिचा गौरव केला. बक्षीस समारंभाला आबा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत. बसने परतताना मी विचारले, “कशी वाटली?” ते म्हणाले, “चांगली हाय. पर ते आता लई जुनं झालं रं.” पुढे तासभर आम्ही दोघे खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आज मी ती कविता समीक्षक म्हणून वाचतो तेव्हा मला तिच्यात एकही खोटा शब्द सापडत नाही, आणि तरीही ती संपूर्ण खोटी आहे. आबा गटारीत पडले होते, हे खरे. पण मी त्यांना तेथून उठू दिले नाही. ते स्वत:च्या पायांनी उठून घरी आले होते. मला पारितोषिक हवे होते म्हणून मी त्यांना परत नेऊन तेथे निजविले. साचा माझ्याकडे पिणारा बाप मागत होता आणि मी तो पुरविला. दलित साहित्याचा प्राण अनुभवाची सच्चाई हा आहे, असे आपण मानतो. मग अनुभवातील सोयीचा तुकडा कापून घेणे, याला काय म्हणायचे?

४

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांची आहे. मला कवी व्हायचे होते, मोठा कवी. नोकरी तासिका तत्त्वावर होती. दर जूनमध्ये ऑर्डर निघेल की नाही याची चिंता. कविसंमेलनांनंतरच्या बैठकींत मी पिऊ लागलो. विद्रोही कवी आणि दारू यांचे काही अतूट नाते आहे, अशी एक भाबडी समजूत आमच्या वर्तुळात होती. ‘गोलपिठा’ (१९७२) ची भाषा नामदेव ढसाळांनी एका जगाच्या आतड्यातून काढली होती. आम्हाला ती बाटलीतून निघेल असे वाटत होते. त्याच वर्तुळात मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) मात्र कोणी वाचलेले नव्हते. कवीच्या घरात बाईला काय किंमत मोजावी लागते हे ज्या पुस्तकात आहे, ते विद्रोहाच्या यादीत धरायचे नाही, असा जणू अलिखित ठराव होता.

२०१८ साली मी दारू सोडली. सुरुवातीला ज्या मंडळींत जाऊन बसलो ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मराठी सभा होती. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात एक शेअर बाजारातील दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघेही पिणारे, आणि दलाल तर मोठेपणाने पछाडलेला. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वर आहे, शरणागती आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील माझ्यासारख्याला तेथे अडचण आली. पुष्कळ दिवस मी त्या शब्दापाशी गप्प बसे. मग लक्षात आले की मला सावरीत होती ती आकाशातील कोणी शक्ती नव्हती. समोरच्या सतरंजीवर बसलेली रिक्षावाला, कारकून, गवंडी अशी दहा-बारा माणसे होती. आपल्या परंपरेत याला नाव आहे, संघ. तो शब्द बालपणापासून मी रोज उच्चारीत होतो, त्याचा अर्थ मला तेथे कळला.

दारू गेली तसे मोठा कवी होण्याचे वेडही उतरले. काही वर्षे मी कविता लिहिली नाही. चांगले शिकवितो, पोरांचे अर्ज भरून देतो, रविवारी आबांबरोबर विहारात बसतो. आणि हे सांगताना संकोच वाटतो, पण मी समाधानी आहे.

५

येथे वाचक मला अडवतील, आणि अडवावेच. ‘समाधान’ हा शब्द आपल्या तोंडी शोभतो काय? आहे त्यात सुख माना, हे शेकडो वर्षे आपल्याला सांगितले गेले. गावकुसाबाहेरच्या माणसाला संतोषाचा उपदेश हा व्यवस्थेचा पहारेकरी होता. बाबासाहेबांनी तो ओळखला होता. १९१८ साली त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या सामाजिक पुनर्रचनेवरील पुस्तकाचे परीक्षण लिहिले, त्यात निष्क्रियतेच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी बोट ठेवले आणि माणसाच्या वाढीला कृती आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्येही त्यांनी स्पष्ट केले की बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला नाही, गरिबांना गरिबीत समाधान मानायला सांगितले नाही. मग दारू सोडून, महत्त्वाकांक्षा सोडून समाधानाने बसलेला आबांसारखा माणूस आंबेडकरी की पराभूत?

या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या लग्नांत म्हटल्या जाणाऱ्या महामंगल सुत्तात सापडले. ते आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ऐकू येईनासे झाले आहे. त्यातील मंगलांचा क्रम पाहा. एका गाथेत मद्यपानाविषयी संयम आणि धम्मात अप्रमाद ही मंगले सांगितली आहेत, आणि अगदी पुढच्याच गाथेत गौरव, नम्रता, संतुष्टी आणि कृतज्ञता. प्रथम जागेपण, मग समाधान. पंचशीलातील पाचव्या शीलातही मद्य वर्ज्य आहे ते प्रमादाचे, म्हणजे गाफीलपणाचे, ठिकाण म्हणून. अप्रमाद म्हणजे नुसते न पिणे नव्हे. डोळे उघडे ठेवणे. जे समाधान डोळे मिटायला लावते ते आपल्यावर लादलेले, ते नाकारलेच पाहिजे. जे समाधान डोळे उघडल्यावर, झिंग उतरल्यावर येते, ते माणसाने स्वत: कमावलेले असते. पहिले व्यवस्थेला हवे असते. दुसऱ्याचा व्यवस्थेला काडीचा उपयोग नाही; कारण अशा माणसाला ना दारू विकता येते, ना पद दाखवून विकत घेता येते.

रसेलने माणसाच्या प्रेरणांचे दोन वर्ग केले होते: बळकावू पाहणाऱ्या आणि निर्माण करू पाहणाऱ्या. आबांनी सोडली ती पहिली. कॅसेटवर आपले नाव असावे, ही. ढोलकी त्यांनी सोडली नाही; ती आज चौदा पोरांच्या हातांत आहे. याला पराभव म्हणणारा मी, माझी मोजपट्टीच उसनी होती.

बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखविली, तिचा येथे विचार करावा. त्यांना दु:ख होते ते शिकलेल्यांनी स्वत:पुरते पाहिले याचे. म्हणजे वैयक्तिक महत्त्वाकांक्षा ही त्यांच्या लेखी परिवर्तनाची हमी नव्हती. तिच्या मर्यादा त्यांना दिसल्या होत्या.

तरीही एक सावधगिरी हवी. महत्त्वाकांक्षा सोडण्याची गोष्ट त्यानेच बोलावी ज्याने ती धरून पाहिली आहे. वर्गातील त्या मुलीला मी संतोषाचा उपदेश करू लागलो तर मी पुन्हा गावकुसावरचा पहारेकरी होईन. तिने खूप शिकावे, मागावे, भांडावे. आणि दारूच्या प्रश्नाचे ओझे केवळ व्यक्तीच्या निश्चयावर टाकणेही अन्यायाचे आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की पिऊन आलेल्या नवऱ्याला, मुलाला जेवायला वाढू नका. ती ठिणगी बायकांनी विझू दिली नाही. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या आंदोलनातून दारूबंदी आली; चंद्रपुरात बायकांच्या लढ्यातून २०१५ साली आली आणि २०२१ साली शासनाने ती उठविली. आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचे आत्मकथनही आपल्याकडे यायचे आहे. माणूस सोडू पाहतो आणि दुकान कोपऱ्यावर उघडे असते, हे वास्तव विसरून केलेली शीलाची चर्चा पोकळ ठरेल.

६

तेव्हा माझे म्हणणे असे. दलित आत्मकथनाने वेदना आणि नकार यांची भाषा मराठीला दिली. आता त्याने सावरण्याची भाषाही घडवावी. सावरणे हे नाट्यमय नसते. त्यात गटार नाही, गर्जना नाही; तीच ती संध्याकाळ रोज ओलांडणे आहे. तिचे चित्रण कठीण आहे, हे मला मान्य. पण ते होणार नाही तोवर आपल्या पुढच्या पिढीला वाटत राहील की आपल्या माणसांपुढे दोनच वाटा होत्या, बुडणे किंवा वर जाणे. तिसरी वाट आपल्या हजारो बापांनी पायांनी मळली आहे. समीक्षेने तिच्याविषयी विचारले पाहिजे. नव्या लेखकाचे पुस्तक हाती आले की ‘यात दाहकता किती’ एवढेच न पाहता ‘यातील माणसाला लेखकाने उठू दिले आहे काय’ हेही पाहिले पाहिजे.

त्या मुलीला मी नंतर बोलावून घेतले आणि माझे उत्तर चुकले होते हे सांगितले. तिच्या आजोबांविषयी लिहायला सांगितले. ती म्हणाली, “सर, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. सोडली, आणि मग वीस वर्षं जगले.”

मी म्हणालो, त्या वीस वर्षांचेच लिही.